कोचला पदकांविषयी नंतर विचारा, आधी फेब्रुवारीतल्या बुधवारचं वेळापत्रक मागा

न्यू जर्सीच्या एका बाबांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावीत. आठव्या वर्षापासून स्कीइंग करते, गेली पाच वर्षं शनिवार-रविवार व्हरमाँटमधल्या एका क्लबात रेसिंगचा सराव. स्लॅलममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, फिसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे) गुण ९० च्या आसपास, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांब लांब लांब असलेल्या जास्त वेगाच्या शर्यतीत, ११०. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय आणि कॉलेजच्या टीमकडून शर्यतीही करायच्यात. घरात तीन कॉलेजांची नावं घोळताहेत: व्हरमाँटमधलंच मिडलबरी, युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँट आणि बोल्डरची युनिव्हर्सिटी ऑफ कोलोरॅडो. आमच्यापैकी कुणी कधी बर्फावर उभंही राहिलेलं नाही, त्यामुळे कोचला नेमकं काय विचारायचं हेच कळत नाही, असं ते म्हणतात. आईची काळजी वेगळी आहे. शाकाहारी मुलगी, एवढी थंडी, घरापासून दूर. ती तिथे रुळेल कशी?

मी मूळची पुण्याची. सह्याद्रीत भटकत मोठी झाले आणि पहिल्यांदा स्कीज बांधल्या त्या औलीला, गढवाल मंडळ विकास निगमच्या १४ दिवसांच्या कोर्समध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी. आता सतरा वर्षं व्हरमाँटमध्ये मुलांना रेसिंग शिकवते आहे. दर वर्षी बारावीतली तीन-चार मुलं आणि त्यांचे आईबाप माझ्यासोबत याच प्रश्नावर बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंजिनिअरिंग नक्की असेल, तर मिडलबरीचा निकाल आधी लावून टाका. कॉलेज उत्तम आहे आणि टीम जुनी, पण तिथे इंजिनिअरिंगची पदवी नाही. भौतिकशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्स घेऊन पुढे दुसरीकडे इंजिनिअरिंग करता येतं, काही मुलं करतातही. मात्र "आत गेल्यावर बघू" म्हणून तिथे जाऊ नये. मुलीला समोर बसवून एकच विचारा: उद्या स्कीइंग नसतं, तर काय शिकली असतीस? त्याचं उत्तर मेकॅनिकलच असेल, तर हे नाव यादीतून आजच जाईल, आणि तसं गेलेलं बरं.

आता गुणांकडे येऊ, कारण घरोघरी सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. फिसचे गुण जितके कमी तितके चांगले. जगातल्या अव्वल स्कीअरचे शून्याच्या आसपास असतात. एका प्रकारातल्या वर्षभरातल्या सर्वोत्तम दोन निकालांची सरासरी यादीत लागते. शर्यतीत जिंकणारीपेक्षा तुम्ही किती मागे राहिलात आणि त्या शर्यतीत किती तगड्या मुली उतरल्या होत्या, या दोन्हींवर तुमचे गुण ठरतात. म्हणून लहान शर्यतीत पहिली आलेली मुलगी मोठ्या शर्यतीत पंधराव्या आलेल्या मुलीपेक्षा गुणांत मागे असू शकते. आईवडील पदकं मोजतात, कोच ही यादी उघडतो.

तुम्हीही तेच करा. पूर्वेकडच्या कॉलेजांच्या शर्यतींना 'कार्निव्हल' म्हणतात. हंगामात एका टीमकडून एका शर्यतीत सहा मुली उतरतात आणि त्यातल्या पहिल्या तिघींचे शर्यतीतले गुण टीमच्या खात्यात धरले जातात. मागच्या हंगामाचे निकाल काढा आणि प्रत्येक टीमची सहावी मुलगी शोधा. पहिली नव्हे, सहावी. तिचे फिस गुण किती, ती कितव्या वर्षाला आहे, म्हणजे तुमची मुलगी येईल तेव्हा ती टीममध्ये असेल का, हे एका कागदावर लिहा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्यातून जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

माझ्या अनुभवावरून सांगते: ९० गुणांवर व्हरमाँट किंवा बोल्डरच्या पहिल्या सहांत जागा मिळणं आज अवघड आहे. मुलीत कमी काही नाही. एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या मुख्य संघटनेचं, स्कीइंग रचलंयच तसं. मुलांचे आणि मुलींचे गुण एकत्र धरून एकच विजेतेपद असतं, ही पद्धत १९८३ पासूनची. त्यातच अल्पाइन (उतारावरचं, तुमची मुलगी करते ते) आणि नॉर्डिक (सपाटीवरचं, लांब पल्ल्याचं) दोन्ही येतात. राष्ट्रीय स्पर्धेला एका कॉलेजकडून जास्तीत जास्त बारा जण जातात: अल्पाइनची तीन मुलं, तीन मुली, नॉर्डिकचेही तसेच. कॉलेजच्या खेळांत एरवी असतो तो डिव्हिजन वन, टू, थ्री असा गटांचा भेद तिथे नाही. छोटंसं मिडलबरी युटा आणि डेन्व्हरसारख्या विद्यापीठांशी त्याच उतारावर भिडतं. म्हणजे मोठ्या विद्यापीठातसुद्धा मुलींचा अल्पाइन संघ मूठभर असतो आणि कोच वर्षाला एक-दोन मुली घेतो. शिवाय नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रियाहून येणारी मुलं-मुली बरेचदा शाळेनंतर एक-दोन वर्षं पूर्णवेळ शर्यती करून मग कॉलेजात येतात. तुमची अठरा वर्षांची मुलगी वीस-एकवीस वर्षांच्या मुलींशी जागेसाठी झगडत असते. डेन्व्हर १९५४ ची पहिली स्पर्धा जिंकलं आणि आजवर सर्वाधिक विजेतेपदं त्यांचीच आहेत. त्यांच्या जुन्या याद्या चाळल्या तर नॉर्वेची नावं ठिकठिकाणी दिसतील.

याचा अर्थ दार बंद असा घेऊ नका. एका चांगल्या हंगामात ९० चे ६० होताना मी पाहिले आहेत, विशेषतः मुलीची उंची वाढून थांबली आणि ताकद आली की. दुसरं, एनसीएए हा एकच रस्ता नाही. यूएससीएसए ही वेगळी संघटना क्लब टीमच्या शर्यती भरवते. अल्पाइन, नॉर्डिक, फ्रीस्टाइल, स्नोबोर्ड, सगळं त्यात येतं. त्यांचीही प्रादेशिक आणि राष्ट्रीय स्पर्धा असते. मोठ्या विद्यापीठांत बहुधा अशी क्लब टीम असतेच. तिथे खर्चाचा बराच भाग मुलांनाच उचलावा लागतो, सराव आठवड्याला दोन-तीनदा, आणि इंजिनिअरिंगच्या मुलीला कधी कधी तेच मानवतं. "क्लब म्हणजे दुय्यम" हे मनातून काढा. माझ्याकडची एक मुलगी पहिलं वर्ष क्लबमध्ये राहिली, दुसऱ्या वर्षी मुख्य टीममध्ये गेली, आणि तिसऱ्या वर्षी स्वतःहून क्लबमध्ये परत आली. ती आज त्या तिन्ही वर्षांबद्दल आनंदाने बोलते.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. पॉला मोल्टझनला अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून वगळलं, तेव्हा ती युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटमध्ये शिकायला गेली. २०१७ मध्ये तिने एनसीएएचं स्लॅलम जिंकलं, आणि पुढे पुन्हा राष्ट्रीय संघात येऊन २०२३ च्या जागतिक स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं. कॉलेज म्हणजे रेसिंगचा शेवट, असं जे पूर्वी मानत ते आता कुणी मानत नाही.

पैशांबद्दल फार लांबण लावत नाही. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या टीमला ६.३ आणि मुलींच्या टीमला ७ पूर्ण शिष्यवृत्त्या एवढीच मर्यादा होती, त्याही अल्पाइन आणि नॉर्डिकमध्ये तुकडे करून वाटल्या जात. आता नियम बदलले आहेत, तरी स्कीइंगवर कॉलेजची पूर्ण फी निघेल असं गृहीत धरून बेत आखू नका. मिडलबरी डिव्हिजन थ्रीत आणि शेजारच्या न्यू हॅम्पशरमधलं डार्टमथ कॉलेज आयव्ही लीगमध्ये, त्यामुळे दोन्हीकडे खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे मदत मिळते. व्हरमाँट आणि बोल्डर ही सरकारी विद्यापीठं, आणि तुम्हाला दोन्हीकडे परराज्याची फी लागेल. हा हिशोब कोचच्या फोनआधी करून ठेवा, म्हणजे त्याच्या एका गोड वाक्याने घर हलणार नाही.

आता मला ज्यासाठी लिहायला बसावंसं वाटलं ते. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक फार गुणी मुलगा होता. त्याच्यापुढे दोन कॉलेजं होती, आणि मी त्याला ज्याचे निकाल जास्त चांगले तिकडे पाठवलं. मी टीमची पदकं पाहिली, पण सरावाचा डोंगर किती दूर आहे हे विचारलं नाही. तो कॉलेजपासून सव्वा तासावर होता. म्हणजे रोज अडीच तास व्हॅनमध्ये. दुपारची प्रयोगशाळा गाठायची तर सकाळी दोनच रन (उतारावरून खाली यायच्या फेऱ्या) मिळायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने टीम सोडली, आणि पुढची दोन वर्षं स्कीजना हात लावला नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी प्रत्येक घराला एकच गोष्ट सांगते: फेब्रुवारीतला एक साधा बुधवार तासातासाने लिहून मागा.

किती वाजता उठायचं? व्हॅन किती वाजता निघते? डोंगर किती मिनिटांवर? गेटमधून, म्हणजे शर्यतीसाठी रोवलेल्या खांबांमधून, किती रन होतात? परत कधी? जेवण कुठे? पहिला तास किती वाजता? रात्री स्कीज वॅक्स कोण करतं (तळाला मेण कोण लावतं), मुलं की कोच, आणि त्याला किती वेळ जातो? कोचने याचं उत्तर न अडखळता दिलं तर टीम नीट चाललेली आहे. "ते दर दिवशी बदलतं" एवढंच म्हणाला, तर पुन्हा विचारा.

अंतरं मी स्वतः गाडीने कापलेली आहेत, म्हणून सांगते. डार्टमथचा स्वतःचा डोंगर आहे, लाइम गावातला डार्टमथ स्कीवे, कॉलेजच्या हॅनोव्हर गावापासून वीसएक मिनिटांवर. मिडलबरीचा स्नोबोल हा डोंगरही कॉलेजच्याच मालकीचा, साधारण तेवढ्याच अंतरावर. युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटची टीम स्टोच्या डोंगरावर जाते. विद्यापीठाच्या बर्लिंग्टन शहरातून पाऊण तास धरा, बर्फ पडत असेल तर तासाहून जास्त. बोल्डरला एल्डोराचा डोंगर आहे, कॅन्यनमधून पाऊण तासाच्या आत-बाहेर. डेन्व्हरहून डोंगराकडे जाणारा आय-७० महामार्ग शनिवारी सकाळी कसा तुंबतो हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. आणि तुमच्या यादीत नसलेलं एक नाव घालते: बोझमनचं मोंटाना स्टेट. इंजिनिअरिंग मोठं आणि चांगलं, ब्रिजर बोल हा स्कीचा डोंगर गावापासून पंचवीसेक किलोमीटर. तिथली मुख्य टीमही कठीणच आहे, पण टीममध्ये नसलेली मुलगीसुद्धा तिथे सकाळी स्की करून दुपारी तासाला बसू शकते.

डोंगरानंतर कॅलेंडर पाहा. मिडलबरी, कोल्बी, विल्यम्स अशा कॉलेजांत जानेवारीत वेगळं छोटं सत्र असतं, त्यात एकच विषय. स्कीअरसाठी तो महिना सोन्यासारखा, कारण हंगाम तेव्हाच तापतो. डार्टमथला वर्षाचे चार भाग, प्रत्येक सुमारे दहा आठवड्यांचा, आणि हिवाळ्याचा भाग सुट्टी म्हणून मोकळा ठेवायची सोय आहे. पण जी मुलं तेव्हा शिकतात, त्यांची हिवाळी परीक्षा मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या आगेमागेच येते. नेहमीच्या सेमिस्टरच्या विद्यापीठात जानेवारीच्या मध्यापासून पाच विषय एकदम अंगावर येतात. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी असतात, सराव सकाळी, ते जमतं. खरी अडचण शुक्रवारची. कार्निव्हल बहुतेक शुक्रवार-शनिवार, म्हणजे गुरुवारी दुपारी निघायचं. जानेवारी-फेब्रुवारीत साधारण सहा आठवडे हे असंच. गुरुवारी दुपारी किंवा शुक्रवारी प्रयोगशाळा असेल तर काय, हे विचारा. आणि कोचला विचारण्यापेक्षा टीममध्ये आज कोण इंजिनिअरिंग करतंय त्या मुलीचा फोन नंबर मागा. टीममध्ये अशी एकही मुलगी नसेल, तर तुमची मुलगी पहिली असेल. ते अशक्य नाही, पण ते माहीत असून निवडावं.

गुडघ्याबद्दलही बोलायलाच हवं. रेसिंगमध्ये एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध) तुटणं ही नवलाची गोष्ट नाही, आणि परत शर्यतीत यायला नऊ महिने ते वर्ष जातं. विमा कुणाचा, फिजिओ कॅम्पसवर आहे का, आणि कुबड्यांवर बर्फातून वर्गापर्यंत नेणारी काही सोय आहे का, हे तीन प्रश्न विचारा. जखमी मुलीला टीम जेवायला आणि मीटिंगला बोलावते का, हे त्या टीममधल्या मुलींनाच विचारा. मी याला फार वजन देते, कारण टीमबाहेर पडलेल्या मुलीचा पहिला हिवाळा मी जवळून पाहिला आहे.

आता थोडं थेट तुझ्याशी, बाळ, कारण रुळायचं तुला आहे.

पहिल्या वर्षी खोलीत टीममधली मुलगी मागू नकोस. टीमबरोबर तुझा दिवस जाणारच आहे, व्हॅन, जिम, जेवण, प्रवास सगळं. रात्री तरी अशी कुणी असू दे जिला स्लॅलम आणि जायंट स्लॅलममधला फरक माहीत नाही. हरलेल्या शनिवारी त्या मुलीची किंमत कळते. स्कीजचं म्हणशील, तर तुझ्या स्लॅलमच्या १५५ सेंटिमीटरच्या आणि जायंटच्या १८८ च्या, सरावाच्या वेगळ्या आणि शर्यतीच्या वेगळ्या, असे चार जोड हॉस्टेलच्या खोलीत मावणार नाहीत. वॅक्सरूमची किल्ली पहिल्याच आठवड्यात मिळव. खोलीत वॅक्सची इस्त्री कधीही लावू नकोस. धुराने अख्खी इमारत रात्री दोनला बर्फात उभी राहते. बूट रोज वाळव, ओले बूट म्हणजे दुसऱ्या दिवशी बधिर बोटं.

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकांना स्वतः जाऊन भेट. हातात शर्यतीच्या तारखांचा कागद असू दे. ईमेलवर भागवू नकोस. कुठली परीक्षा बुडेल ते तूच आधी सांग. बरेच जण प्रवासात कोचच्या देखरेखीखाली परीक्षा देऊ देतात, पण फेब्रुवारीत अचानक विचारलं तर नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या जागी बरोबर असतात. व्हॅनमध्ये अभ्यास होईल असं मानू नकोस. वळणांवर वाचता येत नाही. ऐकण्यासारखं काहीतरी उतरवून घे, नाहीतर सरळ झोप.

जेवणाची आईची काळजी खरी आहे. कॅम्पसवर शाकाहारी मिळतं, आता सगळीकडेच मिळतं. प्रश्न वेळेचा आहे. तू डोंगरावरून पावणेदोनला येशील आणि तेव्हा गरम पदार्थांची ट्रे निघालेली असेल, उरतं सॅलड आणि पाव. उणे १५ मध्ये तीन तास काढल्यावर त्याने भागत नाही. जेवणघराच्या व्यवस्थापकांना ऑगस्टमध्येच भेट आणि सरावाच्या दिवशी डबा बाजूला ठेवायला सांग. टीमसाठी ते करतात. राजमा, चणे, टोफू, अंडी चालत असतील तर अंडी, रोज काहीतरी प्रथिनाचं पोटात गेलंच पाहिजे. खोलीत राइस कुकर चालतो का ते आधी विचार, अनेक हॉस्टेलांत मनाई असते, पण मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर असतं. तिथे भात लाव. मेतकूट, तूप आणि शेंगदाण्याची चटणी घरून घेऊन जा. माझ्या घरी रविवारी येणाऱ्या मुलांपैकी मराठी फक्त दोघं आहेत, मेतकूट-भात मात्र सगळेच मागून खातात.

थंडीपेक्षा अंधार जास्त जड जातो. डिसेंबरात बर्लिंग्टनला सव्वाचारलाच सूर्य मावळतो. तू रोज सकाळी डोंगरावर उन्हात असशील, हा स्कीअरचा मोठा फायदा आहे. सरावाला सुट्टी असेल त्या दिवशीही सकाळी बाहेर पडच. आणि एक गोष्ट तुला कुणी आधी सांगणार नाही म्हणून सांगते. नाताळ झाला की टीम लगेच सरावाला परत बोलावते. बाकी कॅम्पस रिकामा असतो, जेवणघर बंद, मजल्यावर तू आणि लांबवर दिसणारा एखादा दिवा. पहिल्या वर्षी बहुतेक मुली त्याच दहा दिवसांत रडतात आणि आपण चुकीचं कॉलेज निवडलं असं ठरवून टाकतात. त्या दहा दिवसांत काहीही ठरवू नकोस. रोज रात्री घरी फोन कर, टीममधल्या दोघी-तिघींबरोबर मिळून स्वयंपाक कर, आणि मुलं परत येईपर्यंत थांब.

बर्फ पडायच्या आधी, सप्टेंबरमध्येच, टीमबाहेरच्या एका तरी गोष्टीत नाव घाल. डार्टमथमध्ये १९०९ पासूनचा आउटिंग क्लब आहे, तसे ट्रेकचे क्लब आता जवळपास सगळीकडे आहेत. भारतीय विद्यार्थ्यांचं मंडळ दिवाळी करतं तेव्हा तुझा हंगाम सुरू झालेला नसतो, तेव्हा जा, चकल्या तळायला उभी राहा. जानेवारीत नवीन ओळखी करायला तुझ्याकडे ताकद उरणार नाही. सप्टेंबरच्या ओळखीच तेव्हा कामाला येतात.

बाबा, शेवटी एक काम. कॉलेज बघायला एप्रिलमध्ये जाऊ नका. तेव्हा हिरवळ असते आणि सगळी कॉलेजं सुंदर दिसतात. फेब्रुवारीत जा, मधल्या वारी, शाळा बुडाली तरी चालेल. कोचला आधी कळवून मुलीला सकाळच्या व्हॅनच्या वेळी तिथे पोहोचवा आणि सराव कुंपणाबाहेरून पाहू द्या. तुम्ही इंजिनिअरिंगच्या इमारतीत जाऊन दुपारच्या प्रयोगशाळांचा फळा वाचा. आणि आईंना पावणेदोन वाजता जेवणघरात बसवा, ताटात काय उरलेलं असतं ते त्यांना स्वतः पाहू द्या.